फोटो खरे आहेत का?

बेंबळीच्या हर्षालीचा राग थंड डोक्याचा होता, आणि तसला राग फार वाईट. रणधीरला हे ठाऊक असतं तर त्यानं तिच्या बापाच्या फोटोखाली ‘आमचा गडी’ असं लिहिलं नसतं.

तिचे आबा, श्रीमंतराव, तीस वर्षं स्वतःच्या उस्मानाबादी शेळ्या राखत आले. रणधीर हा धाराशिवचा दलाल. त्याच्या दावणीला एक करडू नव्हतं, पण वेबसाइट होती, आणि तिच्यावर आबांचा अख्खा कळप ‘आमचा फार्म’ म्हणून मिरवत होता. हर्षाली त्याच्याच ऑफिसात फोन घ्यायची. फोटोखालची ओळ बदला म्हणाली, तर तो हसला. “गड्याला काय मालक म्हणू?”

तिनं त्याच दिवशी नोकरी सोडली. ‘जाऊ दे पोरी,’ असं आबा म्हणाले. जाऊ देणाऱ्यातली ती नव्हती.

येताना तिनं फक्त गिऱ्हाइकांची बोली डोक्यात घालून आणली. रणधीरला गर्दीचा सोस. साइटवर त्यानं ‘शेळी’, ‘बोकड’, ‘मटण’ असले शब्द खच्चून भरले होते. हजार लोक यायचे, त्यातले निम्मे रस्सा कसा करायचा ते शोधत. खरं गिऱ्हाईक फोनवर निराळंच बोलायचं. हर्षालीनं आबांच्या नावानं साधी साइट काढली आणि गिऱ्हाइकांचेच शब्द तिच्यात घातले: ‘दोन दाती गाभण उस्मानाबादी शेळी’, ‘पैदाशीचा बोकड, बघून घ्यायचा’. दिवसाला चाळीसच माणसं आली, पण पाच जणांनी फोन केला आणि दोघं टेम्पो घेऊन दारात उभे राहिले.

तेवढ्यानं तिचं पोट भरलं नाही. एके दुपारी तिनं सर्चमध्ये रणधीरच्या फार्मचं नाव टाकलं. खाली लोकांचे नेहमीचे प्रश्न आले. त्यातला एक होता, ‘फोटो खरे आहेत का’. त्याचं उत्तर कुठंच नव्हतं. हर्षालीला मनापासून आनंद झाला.

तिनं तोच प्रश्न मथळा करून एक पान लिहिलं. फोटोतला कळप श्रीमंतरावांचा आहे, ते कुणाचे गडी नाहीत, बेंबळीला येऊन बघा. खाली व्हिडिओ जोडला: आबा एकेका शेळीला नावानं हाक मारतात आणि ती धावत येते.

रणधीरच्या फार्मचं नाव शोधणाऱ्याला आधी तेच पान दिसू लागलं, आणि महिन्याभरात रणधीरचा फोन गप्प झाला. तो स्वतः बेंबळीला आला. आबांनी त्याला पाणी दिलं, ते हर्षालीला आवडलं नाही.

“ते पान काढ,” रणधीर म्हणाला. “फोटोखाली मालक म्हणून लिवतो आबांचं नाव.”

“प्रश्न म्या न्हाय काढला, दादा. लोकं इचारतेत. तुमीच उत्तर द्या की तुमच्या साइटवर. आत्ता, इथंच.”

तो फोन काढून साइटवर गेला. मग एका बोटानं टाइप करू लागला. पुरं झाल्यावर त्यानं फोन तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही.

“आबाला वाचता येत न्हाय. मोठ्यानं वाचा.”

“फोटोतल्या शेळ्या माझ्या नाहीत,” रणधीर वाचू लागला. “त्या बेंबळीच्या श्रीमंतरावांच्या आहेत. मी खोटं लिहिलं होतं.” आबांनी मान खाली घातली.

“आता काढशील न्हवं पान?” रणधीरनं विचारलं.

“न्हाय,” हर्षाली म्हणाली. “आन् परत एकदा वाचा. आबाचं लक्ष नव्हतं.”