दहाव्याला केलेलं भाषण

माझी बायको वारली, त्यानंतरही ती कामावर जात होती. म्हणजे कागदावर. हे मला पोलिसांनी दारात उभं राहून सांगितलं.

दोघंजण आले होते, साध्या कपड्यात. एकानं विचारलं, "मावशी आहेत का घरात? जबाब घ्यायचाय."

मी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं. म्हणलं, "घ्या."

तो गडबडला. चपला काढून आत आला, खाली बसला आणि म्हणाला, "मग बाबा, गटाराच्या कामावर रोज हजर कोण असतं?"

दिघीच्या रस्त्याकडेला एका सरकारी खात्याचं पावसाळी गटाराचं काम चालू होतं. बायको तिथं बिगारी होती. घमेली उचलायची. हजेरी मुकादम लावायचा, खाली सही सरकारी इंजिनिअरची. त्याला आम्ही सगळे साहेब म्हणायचो. पगार बँकेत पडायचा, पण सगळ्या बायांची कार्डं मुकादमाच्या खिशात. "तुम्हाला मशीन कुठं चालवता येतंय," म्हणायचा, आणि रोख हातात द्यायचा. बायांनाही ते सोयीचं वाटायचं. बायको गेल्यावर ते कार्ड परत मागायचं मला सुचलंच नाही. दुःखात माणसाला कार्ड आठवतं का? तिथंच मुकादमाचं आणि साहेबाचं फावलं. हजेरी लागत राहिली, पगार पडत राहिला आणि दोघं वाटून खात राहिले.

वस्तीत बातमी फुटली, ती मात्र उलटी. आमच्या गल्लीत एकजण आहे, माझ्यासारखाच भोसरीच्या वर्कशॉपमधून म्हातारा होऊन बाहेर पडलेला. चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "राव, तुमची मंडळी मेल्यावर पण कमावती! आमची जिवंतपणी हलत नाही." सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यानंच मुकादमाशी संधान बांधलं असणार, दोघं नवराबायको आधीपासून सामील.

मला चोर म्हणा, एक वेळ चालेल. पण हिला? भाजीवाल्यानं चुकून जास्त टाकलेल्या मिरच्या परत द्यायला जाणारी बाई होती ती. मी चिडायचो तिच्यावर.

म्हणून मुकादम आणि साहेबावरच्या खटल्यात साक्षीला बोलावल्याचं समन्स आलं तेव्हा मला भीती वाटली नाही, उलट अंगात वारं भरलं! पहाटेच आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला. लेक चाकणला कंपनीत आहे, ती शिफ्ट बदलून बरोबर आली. बसमध्ये सारखी सांगत होती, "आप्पा, विचारतील तेवढंच बोला. भाषण करू नका."

सरकारी वकील म्हणजे एक तरुण बाई. तिनं आधीच सांगितलं, "बाबा, मुकादम सुटत नाही. भीती साहेबाची आहे. तो म्हणतोय, बाई वारली हे मला माहीतच नव्हतं. मुकादमानं लिहिलं, मी सही केली. घरच्यांनी आणि मुकादमानं मिळून मला फसवलं."

झालं! म्हणजे तो सुटला की आमच्या नावावर शिक्काच. हिचं नाव कायमचं काळं.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. साहेब समोर बसलेला, कडक पांढरा शर्ट, माझ्याकडं बघेना. त्याचा वकील गोड बोलणारा. आजोबा आजोबा करत त्यानं मला चांगलाच पिळला. "आजोबा, पैसे तुम्हालाच मिळत होते ना?" "नाही." "मुकादम तुमच्या घरी यायचा ना?" "यायचा. हिच्या हातची भाकरी खायला." लोक हसले. तो मात्र थांबेना.

"बायको वारल्याचं तुम्ही साहेबांना कळवलं होतं?"

"नाही."

"अर्ज दिला? फोन केला?"

"नाही."

तो न्यायाधीशांकडं बघून हसला. तिथंच बसला असता तर जिंकला होता. पण जीभ खाजते ना माणसाची! परत वळला आणि म्हणाला, "मग आजोबा, साहेबांना कळणार तरी कसं?"

"कसं म्हणजे? दहाव्याला भाषण केलं की त्यांनी!"

न्यायाधीशांनी मान वर केली. "कोणी भाषण केलं?"

"ह्यांनीच." मी बोट दाखवलं. लेकीनं सांगितलेलं सगळं विसरून मी सुटलोच. आमच्या भागात दहावा म्हणजे नुसता विधी नसतो. घाटावर मांडव असतो, माइक असतो, आणि पुढाऱ्यापासून भिशीच्या अध्यक्षापर्यंत सगळे श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतात. हिच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर नगरसेवक येणार होता, म्हणून त्याला तोंड दाखवायला साहेब आला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळा येईना म्हणून पुकारणारा माणूस एकेकाला माइकवर बोलावत राहिला. बोलणारे संपले, तरी कावळा नाही. शेवटी साहेबाला बोलावलं.

"बाबा, कावळ्याचं राहू द्या," न्यायाधीश म्हणाले. "हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि दहाव्याला कोण बोललं हे कोण ध्यानात ठेवतं, साहेब? सगळेच बोलतात."

"काय बोलले ते?"

"ते नाही सांगता येणार. मी कावळ्याकडं बघत होतो."

हशा झाला. त्यांचा वकील ओरडला, "सर, हे आत्ता रचलेलं आहे!"

तेवढ्यात मागून लेक उभी राहिली. "माझ्याकडं शूटिंग आहे!" शिपाई तिला खाली बसवायला धावला, पण ती कसली बसते, आईवर गेलीय. माझा मुलगा गुजरातला कंपनीत, त्याला रजा मिळाली नव्हती. त्याच्यासाठी तिनं सगळा दहावा फोनमध्ये घेतला होता.

फोन जमा केला, कसले कसले दाखले लागले, आणि पुढच्या तारखेला ते शूटिंग भर कोर्टात लावलं. हिच्याबरोबर गटारावर काम करणाऱ्या टोळीतल्या बाया खाडा करून ऐकायला आल्या होत्या. साहेबाचा आवाज घुमला, "मावशी आमच्या कामाचा आधार होत्या. ऊन असो, पाऊस असो, मावशींनी कधी खाडा केला नाही. त्यांची जागा भरून निघणार नाही."

सरकारी वकील बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, हे बोलले त्याच दिवशी मावशींची हजेरी लागली आहे. खाली सही ह्यांचीच."

मागं टोळीतली एक म्हातारी कुजबुजली, "म्हनून शिवत न्हवता व्हय गं कावळा!" मला शिट्टी मारावीशी वाटली, खरंच सांगतो. पण पडद्यावर साहेबाच्या मागं फ्लेक्स होता, आणि फ्लेक्सवर ही होती, डोक्यावर पदर घेतलेली. मी मान खाली घातली.

निकालाच्या दिवशी दोघंही दोषी ठरले. वरच्या कोर्टात जाणार म्हणतात. जाऊ देत. न्यायाधीशांनी वाचता वाचता एक वाक्य वाचलं, की मयत स्त्रीचा आणि तिच्या घरच्यांचा या अपहाराशी काहीही संबंध नाही. मी उठून हात जोडले. म्हणलं, "साहेब, तेवढं परत वाचता का?"

शिपाई रागावला. न्यायाधीश रागावले नाहीत. त्यांनी परत वाचलं, सावकाश.

दिघीला बसमधून उतरलो तो तडक टपरीवर. लेक मागून पळत, "आप्पा, सावकाश, आप्पा!" तो गल्लीतला टोमणेवाला बाकावर बसलेलाच होता. मी ते वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. बसमध्ये पाठच केलं होतं.

तो म्हणाला, "अरे राव, मी गंमत केली होती."

"मग तसं सांग सगळ्यांना."

"गंमत केली होती," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. त्या दिवशी बोललास तेवढ्या मोठ्यानं."

तो उभा राहिला. टोपी काढली आणि मोठ्यानं म्हणाला, "वहिनींबद्दल वाईट बोललो. चुकलं माझं."

मी त्याच्याच शेजारी बाकावर बसलो. त्यानं चहा सांगितला. तो पिताना मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.