काळेकाकांचा राहिलेला पाय

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यरुशलेमच्या नळाला कितव्या दिवशी पाणी येत होतं, याचा उल्लेख शास्त्रात कुठेही नाही. असता, तर मी तो धडा निवडलाच नसता.

आमच्या हर्सूलकडच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा पाणी येतं. (कधी कधी तो आठवडा लांबतो, पण त्याबद्दल आता कुणी बोलत नाही.) इतर गावांत सोयरीक ठरवताना पगार विचारतात, आमच्याकडे टाकी केवढी आहे ते विचारतात. त्यात मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. अख्खं आयुष्य पाण्याच्या नियोजनावर टिपणं लिहिण्यात गेलं. त्यामुळे अंगणातली टाकी माझ्या अखत्यारीत असते आणि तिच्या झाकणाला मी कुलूप लावतो. (नळाला लावत नाही. हे पुढे महत्त्वाचं आहे.)

दर रविवारी आई-बापांना उपासनेला निवांत बसता यावं, म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीतली तीन ते पाच वर्षांची पोरं आमच्या अंगणात येतात. माझी बायको शालिनी त्यांना येशूची प्रीती शिकवते. तिची पद्धत ठरलेली. एक गोष्ट, एक गाणं आणि पुठ्ठ्याच्या मेंढराला कापूस चिकटवणं. आमच्या मंडळीत असा एक फ्रिज नाही ज्याच्यावर आमचं मेंढरू नाही.

त्या आठवड्यात शालिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, वाकायचं नाही म्हणाले, डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणाले. या रविवारी वर्ग बंद ठेवू, असं तिचं म्हणणं पडलं. मी म्हणालो, मी घेतो. ती काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिली. (काळ्या चष्म्यातून बघणारी बायको काय विचार करते ते दिसत नाही, एवढं एक सुख.) मग तिने बजावलं की पोरांना मेंढरू द्या, कापूस द्या, बिस्किटं द्या आणि सोडा.

घाई तशीच होती. संध्याकाळी कन्नड गावाहून माणसं यायची होती, आमच्या मुलीला, स्मिताला बघायला. मुलगा स्मिताच्या मनात भरला होता. आता आम्ही मुलाच्या वडिलांच्या मनात भरायचे राहिलो होतो. जीपभर माणसं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं, सगळं त्या एका टाकीवर, आणि पुढचं पाणी बुधवारी.

"टाकीला हात लावायचा नाही," शालिनी म्हणाली.

आपण कुणाशी बोलतो आहोत याची मी तिला नम्रपणे आठवण करून दिली.

पण मेंढरं मला कधीच पटली नव्हती. कापूस चिकटवून प्रीती कशी कळणार? ती करून बघावी लागते! म्हणून मी फक्त अर्धी बादली पाणी काढलं, एक पाट मांडला, खांद्यावर पंचा टाकला आणि पोरांना गोष्ट सांगितली. येशू सगळ्यांचा गुरू, तरी खाली बसला आणि त्याने एकेकाचे पाय धुतले, नको नको म्हणणाऱ्या पेत्राचेही. मग पोरांना एकमेकांचे पाय धुवायला लावले. इवलेसे पाय, अर्ध्या बादलीत भागले आणि वर तांब्याभर उरलं. खात्यात असतो तर यावर टिपण लिहिलं असतं.

इथेच थांबलो असतो तर आज ताठ मानेने फिरलो असतो. पण वरच्या मजल्यावर आमच्या भाडेकरूंची अबी राहते, साडेचार वर्षांची. दिवसातला निम्मा वेळ ती आमच्याच घरात असते, त्यामुळे आमच्या घरातलं तिला सगळं माहीत असतं. ती म्हणाली, आता आजोबांचे पाय. मी नको म्हणालो. माझ्या उजव्या तळपायाला कुरूप आहे आणि ते मी डॉक्टरलाही दाखवत नाही.

"पेत्र पण नको म्हणला होता," अबी म्हणाली.

पोरीने गोष्ट अशी नीट ऐकलेली पाहून मला चेव आला. मी पुढचं सांगितलं. येशूने फक्त चांगल्या शिष्यांचेच पाय धुतले नाहीत. जो त्याला त्रास देणार होता त्याचेही धुतले.

"म्हणजे काळेकाका?" अबीने विचारलं.

आता काळे कोण ते सांगायला हवं. काळे म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे. नोकरी शहरात, शेती चितेगावजवळ. स्वभावाने मोकळे, पण पाणी आलं की ते थेट नळाला मोटर लावतात. तिकडे त्यांची मोटर गुरगुरते आणि इकडे आमचा नळ खोकतो. मागच्या उन्हाळ्यात मी भर गल्लीत त्यांना पाणीचोर म्हणालो, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी घाईघाईने म्हणालो की कुणाचं नाव घ्यायचं नाही, प्रीती सगळ्यांवर करायची. तेवढ्यात आत फोन वाजला.

फोन मुलाच्या वडिलांचा. त्यांना विचारायचं होतं की माणसं चार जास्त आली तर चालतील का. मी म्हणालो, आनंदाने या. मग ते म्हणाले, घाटातून येताना धूळ फार, पोचल्यावर एकदोघे आंघोळ करतील. मी म्हणालो, जरूर. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमच्याकडं पाण्याचं कसं काय? मी मोठ्याने हसलो. चाळीस वर्षं पाटबंधाऱ्यात होतो, साहेब, म्हणालो, पाणी हा विषय आमच्या घरात निघतच नाही. त्यांना हे फार आवडलं. मग धरणं, कालवे, आवर्तनं असं करत आम्ही बराच वेळ बोललो. बाहेरून पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, विषयच तसा चालू आहे.

बाहेर आलो तेव्हा टाकीच्या नळाला बागेचा पाईप लावलेला होता आणि फाटक सताड उघडं होतं. पाट फाटकात मांडला होता. पाटावर पार्सल पोचवायला आलेला मुलगा बूट-मोजे काढून बसला होता आणि तीन वर्षांचा जॉय त्याच्या अंगठ्याला साबण लावत होता. त्याच्यामागे भाजीवाली. तिच्यामागे दूधवाले. आणि दूधवाल्यांच्या मागे कॉलनीतल्या बायका, हातात हंडे, कळश्या, बादल्या!

झालं होतं असं की पाणी फाटकातून उताराने गल्लीत गेलं. आमच्या गल्लीत रस्त्यावर पाणी दिसलं की त्याचा अर्थ एकच होतो. कुणीतरी ओरडलं, पाणी आलं. घराघरांतून मोटरी सुरू झाल्या, त्यांनी नुसती हवा ओढली, आणि पाणी साळव्यांच्याच, म्हणजे आमच्याच, घरी आलंय असा निष्कर्ष काढून सगळ्या बायका आमच्या फाटकाशी आल्या. अबीने त्यांना नियम घालून दिला होता. आधी पाय धुवायचे, मग बादली भरायची. बायका मुकाट्याने रांगेत पाय धुवून घेत होत्या. (आमच्या शहरात पाण्यासाठी माणूस काहीही करतो, हे तर त्यातलं सोपं काम.)

मी नळाकडे धावणार, तेवढ्यात पाटावर काळे बसले.

ते शेतात रात्रपाळीचं पाणी देऊन नुकतेच आले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पोटऱ्यांवर काळ्या मातीचा जाड थर. मोटर हवा का ओढते ते बघायला बाहेर आले आणि पोरांनी त्यांना हाताला धरून बसवलं.

"आजोबा म्हणले, जो त्रास देतो त्याचे पण धुवायचे," अबी त्यांना समजावत होती.

"मी तरास देतो असं आजोबा म्हणले व्हय?"

"रोज म्हणतात."

काळ्यांनी मान हलवली आणि पाय पुढे केला. त्यांचा डावा पाय धुवायलाच पाईप खूप वेळ चालला. खालून चांगला गोरा पाय निघाला. मग पोरांनी उजव्या पायाला साबण लावला, भरपूर फेस केला, अबीने पाईप धरला, आणि पाईप खोकला. आमच्या घरात तो खोकला मी चांगला ओळखतो. दोन थेंब पडले आणि सगळं शांत झालं.

शालिनी काळा चष्मा लावून दारात आली. तिने टाकीवर बोटाने टक् टक् केलं. आतून पोकळ आवाज आला. मला तेवढ्यात स्मिता दिसली. ती उपासना संपवून फाटकातून आत येत होती, आणि ओल्या अंगणाकडे, रिकाम्या टाकीकडे आणि मग माझ्याकडे तिने असं बघितलं, की मी खांद्यावरचा पंचा काढून उगाचच रिकामी टाकी बाहेरून पुसायला लागलो. पोरीचं जमत आलेलं लग्न मी गल्लीतल्या गटारात वाहून घालवलं होतं. टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या. ज्यांच्याकडे मागावं ते सगळे शेजारी माझ्याच दारात रिकाम्या बादल्या घेऊन उभे होते.

एका माणसाच्या हौदात मात्र पाणी होतं. तो माझ्या पाटावर एक पाय साबणात घेऊन बसला होता.

"साळवेसाहेब," काळे म्हणाले, "माझा एक पाय राह्यला की."

"पाणी संपलं," मी म्हणालो. मागच्या उन्हाळ्यानंतर आमच्यातलं हे पहिलं बोलणं.

"मंग?"

सगळी गल्ली ऐकत होती. मी खालच्या आवाजात म्हणालो, काळे, जरा पाणी देता का.

"नाय ऐकू आलं. मोटरीचा लई आवाज हाय."

मोटरी केव्हाच बंद झाल्या होत्या. मी घसा साफ केला आणि दूधवाल्यांपर्यंत जाईल अशा आवाजात पाणी मागितलं.

काळे उठले आणि एका पायावर उड्या मारत आपल्या घरी गेले. (पोरांना हा धड्याचाच भाग वाटला, तीही मागून उड्या मारत गेली.) थोड्या वेळाने भिंतीवरून पाईप आला, मागोमाग काळ्यांचं डोकं आलं, आणि मोटर गुरगुरली. तीच मोटर! आधी त्यांनी भिंतीवर चढून बसून आपल्या राहिलेल्या पायावर धार धरली. मग मला वाटलं आता टाकीत सोडतील, तर त्यांनी धार थेट माझ्या पायांवर सोडली, चपलांसकट. मी दचकून उजवा पाय वर उचलला आणि चप्पल गळून पडली.

"ह्ये काय झालंय तळव्याला? बिब्बा लावा त्याला," ते म्हणाले.

अबी टाळ्या वाजवत होती. मी भिजलेल्या पायांनी उभा होतो आणि, आता लपवण्यात अर्थ नाही, मला फार बरं वाटलं. त्या मोटरीने आमची टाकी काठोकाठ भरली. मोटर चांगली आहे, असंही मला म्हणावं लागलं.

संध्याकाळी कन्नडची मंडळी आली. आंघोळी एक-दोघांनी नाही, सहाजणांनी केल्या. काळे आमच्या बैठकीत बसून मुलाच्या वडिलांना, साळवेसाहेबांच्या पाण्याच्या नियोजनाबद्दल फार गंभीर चेहऱ्याने सांगत होते. मी चहाच्या कपात बघत होतो. स्मिताचं जमलं.

पुढच्या रविवारी शालिनीने वर्ग परत हातात घेतला. नेमके त्याच दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब चिमुकल्यांचं शिकणं कसं चाललंय ते बघायला आले. त्यांनी कौतुकाने विचारलं, मागच्या वेळी काय शिकलात, येशूने काय केलं?

अबी उभी राहिली. "येशूनं सगळ्यांचे पाय धुतले," ती म्हणाली. पाळकसाहेबांनी मान डोलावली. "मग टाकी संपली. मग येशू काळेकाकांकडं पाणी मागायला गेला. काळेकाका म्हणले, मोठ्यानं बोल."

पाळकसाहेबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पोरांच्या रांगेत शेवटी, खाली मान घालून मेंढराला कापूस चिकटवत बसलो होतो. तोही मेंढराच्या तोंडावर चिकटवलाय, हे शालिनीने काळ्या चष्म्यातूनसुद्धा बरोबर पाहिलं.