नऊशे साठ

कार्तिकी पौर्णिमा, सकाळचे साडेसहा. आकडा: नऊशे चाळीस. पंधरा मिनिटांनी दुसरा: नऊशे साठ. नियंत्रण कक्षात तेव्हा आम्ही तीन कारकून होतो आणि पलीकडच्या खोलीत साहेब. हे दोन आकडे मी लिहिले. त्यांच्याबद्दल तेवीस वर्षं मी कुणाजवळही तोंड उघडलं नाही. गेल्या वर्षी एका माणसाला सांगितलं, एका कार्यालयाला लिहून दिलं. पण घरात—बायकोला, मुलीला, वारलेल्या बाबांना—कधीच नाही. बायकोला आणि मुलीलाही हे इथेच वाचायला मिळेल.

मी दूधविनायकात राहतो. आमच्या चार पिढ्या बनारसमध्ये गेल्या. नोकरी सरकारी, काम आकड्यांचं. किराण्याच्या यादीत बेरीज चुकली तर मी वाण्याकडे परत जातो, मग चूक माझ्या फायद्याची असो की त्याच्या. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. उलट—ज्याला आकड्याची एवढी चाड, त्यानेच हे केलं, म्हणून सांगतो.

त्या वर्षी स्नानाच्या गर्दीसाठी पहिल्यांदाच कम्प्युटर आला. घाटांवर उतरणाऱ्या एकवीस वाटा निवडल्या होत्या, प्रत्येकीला नंबर. प्रत्येक वाटेवर वायरलेस सेट घेतलेला एक होमगार्ड. त्याने दर पंधरा मिनिटांनी पायऱ्यांवर किती माणसं आहेत ते कळवायचं. पोलीस घाटांवर हवे होते, म्हणून आकडे घ्यायला कार्यालयातल्या आम्हा तिघांना बसवलं. माणशी सात वाटा. आकडा आधी नोंदवहीत, मग कम्प्युटरवर. हजाराच्या वर गेला की वरची गल्ली बंद. आणि तीनदा हाक मारूनही उत्तर आलं नाही, तर ‘संपर्क नाही’ असं लिहायचं. तसं लिहिलं की गल्ली लगेच बंद आणि शिपायांची एक तुकडी खाली. नियम स्वच्छ होता. मला तो तोंडपाठ होता.

चौदा नंबर माझ्याकडे होता. घाटाचं नाव लिहीत नाही. तिथे रामजतन होता—रामनगरचा, पंचेचाळिशीचा, एरवी कुलपं दुरुस्त करणारा. नेमणूक दशमीपासून पौर्णिमेपर्यंत सहा दिवसांची होती. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना मोजायची रीत शिकवली: एका पायरीवरची माणसं मोजा, पायऱ्यांनी गुणा. हा म्हणाला, “गुरु, एक सीढ़ी से धोखा होगा. नीचे की सीढ़ी पर औरतें बैठ के कपड़ा बदलती हैं, ऊपर वाली पर आदमी खड़ा है. तीन सीढ़ी गिनिए—ऊपर, बीच, नीचे.” त्याचं बरोबर होतं. मी रीत बदलली. एकदा दुपारी स्वतः जाऊन मोजून आलो; त्याचा आकडा सहाशे दहा, माझा सहाशे सतरा. एकवीस जणांत त्याच्याएवढा अचूक कुणी नव्हता. आकडा सांगून झाला की सेटवरूनच विचारायचा, “चाय पिये कि नहीं, गुरु? आवाज से तो नहीं लगता.”

मग चूक कुठे झाली? चूक—हा शब्द मी स्वतःहून पुन्हा वापरणार नाही. का, ते पुढे कळेल.

कम्प्युटरवर रकाना रिकामा राहिला किंवा ‘संपर्क नाही’ लिहिलं, की साहेबांच्या पडद्यावर तो लाल व्हायचा. एकादशीला दोन सेटची बॅटरी संपली, दोन रकाने लाल झाले. साहेब बाहेर आले. “मंत्रीजी का फ़ोन आ रहा है और यहाँ लाल-लाल चमक रहा है! मुझे ये रंग नहीं चाहिए.” ते आत गेल्यावर आमच्यातले सर्वांत जुने मिश्राजी हसून म्हणाले, “पिछला देखो, थोड़ा जोड़ो, डाल दो. पब्लिक गंगा पी थोड़े जाएगी.” तेव्हापासून आम्ही तिघंही उत्तर न आलेला रकाना भरू लागलो. बहुतेक वेळा पुढच्या फेरीला खरा आकडा यायचाच. बॅटरी बदलत असायची, कुणी लघवीला गेलेला असायचा. काही बिघडलं नाही. चार दिवसांत मी असे अकरा रकाने भरले. हो, मोजले आहेत. आणि मी ते मिश्राजींसारखे ढोबळ भरत नव्हतो—आधीच्या तीन फेऱ्यांतली सरासरी वाढ काढून भरत होतो. खोटं लिहितानाही हिशेब चोख हवा! यातून मला काय वाटत होतं? की सरासरी काढली म्हणजे ते खोटं राहत नाही?

पौर्णिमेच्या पहाटे रामजतनचे आकडे असे आले: साडेपाचला सातशे ऐंशी, पावणेसहाला आठशे तीस, सहाला आठशे सत्तर, सव्वासहाला नऊशे. साडेसहाला मी हाक मारली. उत्तर नाही. दुसरी, तिसरी. नुसती खरखर.

तीन फेऱ्यांत एकशे वीस वाढले होते, म्हणजे सरासरी चाळीस. मी नऊशे चाळीस लिहिलं.

पावणेसातला पुन्हा तीन हाका. पुन्हा खरखर. आता त्याच हिशेबाने आकडा हजाराच्या काठाला टेकत होता. मी स्वतःला सांगितलं, सूर्य वर आलाय, लोक परतू लागले असतील. वाढ निम्मी धरू. वीस. नऊशे साठ. सूर्याचं कारण खरं होतं का? की हजार गाठला असता तर साहेब बाहेर आले असते, म्हणून? मला ठाऊक आहे. तुम्हालाही कळलं असेल.

सहा बावन्नला त्या गल्लीतल्या एका दुकानातून फोन आला. चौदा नंबरवर बांबूंचा कठडा तुटून माणसं पायाखाली आली होती. कठडा तुटला सहा वीसला. रामजतन पडला, सेट पायांखाली गेला, आणि खांदा निखळलेला असताना तो एका हाताने लोकांना ओढून बाजूला काढत होता. तो आपल्या जागेवरच होता. बोलू शकत नव्हता, इतकंच. आणि मी त्याच्या नावावर बोलत होतो.

साडेसहाला ‘संपर्क नाही’ लिहिलं असतं, तर वरची गल्ली तेव्हाच बंद झाली असती. ती बंद झाली सहा बावन्नला. बावीस मिनिटं. त्या गल्लीतून मिनिटाला साधारण पस्तीस माणसं उतरत. सातशे सत्तर. आधीच दबलेल्या लोकांवर एवढी माणसं मी वरून सोडली. अकरा जण इस्पितळात गेले. सगळे जगले. चंदौलीकडची एक म्हातारी त्यानंतर आपल्या पायांनी चालली नाही.

पण अजून मी मुख्य गोष्टीशी आलेलो नाही—तिच्याभोवतीच फिरतो आहे.

तीन दिवसांनी चौकशी झाली. टेबलावर माझी नोंदवही. रामजतन हात गळ्यात बांधून उभा. तो म्हणाला, सेट सहा वीसलाच गेला होता, त्यानंतर आपण एकही आकडा दिलेला नाही. अधिकारी म्हणाले, “तो ये नौ सौ चालीस, नौ सौ साठ कौन बोला? भूत?” दोन शिपाई हसले. त्यांचा तर्क सरळ होता: माणूस गर्दी पाहून पळाला, आडोशाला उभा राहून मनचे आकडे देत राहिला, आणि पळताना खांदा निखळला.

तेव्हा रामजतनने माझ्याकडे बोट केलं. “साहब, पंडितजी से पूछ लीजिए. ये पाई-पाई का हिसाब रखने वाले आदमी हैं. ये झूठ नहीं बोलेंगे.”

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, हे दोन आकडे चौदा नंबरवरूनच आले होते ना?

मी म्हणालो, “जी.”

इतकंच. एक अक्षर. हा माझा गुन्हा. रकाना भरला तेव्हा मला माहीत नव्हतं काय घडतंय—असं निदान म्हणता येतं. पण ‘जी’ म्हणताना मला सगळं माहीत होतं. तो समोर उभा होता. त्याने माझी साक्ष काढली होती. घाबरलो का? हो. नोकरी जाईल म्हणून? हो. पण भीती तर त्यालाही होती, आणि तो खरं बोलत होता.

मिश्राजी आणि दुसरा कारकून गप्प राहिले. त्यांच्याही वह्यांत भरलेले रकाने होते. रामजतनचं नाव होमगार्डच्या यादीतून काढलं, सहा दिवसांचा भत्ता रोखला. मला महिन्याभराने प्रशस्तिपत्र मिळालं—नोंदवहीत एकही रकाना रिकामा न ठेवल्याबद्दल. बाबांनी ते बैठकीत टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

मग वर्षं गेली. सांगण्यासारखं त्यांत एवढंच, की मी सांगितलं नाही. रामनगर पलीकडच्या तीरावर. भोसले घाटावर उभं राहिलं की नदीच्या वरच्या अंगाला तो काठ दिसतो. तेवीस वर्षांत मी एकदाही पूल ओलांडला नाही. लग्नाचं आमंत्रण आलं तरी बायकोला पाठवायचो. “अहो, तुम्हाला रामनगरचं एवढं काय वावडं?” ती विचारायची. पोटाचं कारण सांगायचो.

गेल्या वर्षी नवा कक्ष झाला. कॅमेरे, भिंतभर पडदे. मला जुना जाणकार म्हणून नव्या मुलांना शिकवायला बोलावलं. एका मुलीने विचारलं, “सर, पॉइंट से जवाब न आए तो क्या भरें?” मी म्हणालो, “काहीही भरू नका—कुछ मत भरिए. जवाब न आना ही ख़बर है.” मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. एकाने तर शाबासकी दिल्यासारखी मान डोलवली. मला तिथे उभं राहवेना. दुसऱ्याला शिकवायला हे मला कुणाच्या जिवावर कळलं होतं? तो शुक्रवार होता. रविवारी सकाळी मी पूल ओलांडला.

रामनगरच्या चौकात चहावाल्याला विचारलं, रामजतन कुलूपवाला कुठे राहतो. त्याला कळेना. मग पोरसवदा गिऱ्हाईक हसून म्हणालं, “अरे, नौ सौ साठ को पूछ रहे हैं! ऐसे बोलिए न.”

मी विचारलं, असं का म्हणता? त्याला माहीत नव्हतं. सगळेच म्हणतात. चहावाल्याला आठवत होतं: वर्तमानपत्रात आलं होतं, माणसं चिरडत होती तेव्हा हा सेटवर नऊशे साठ सांगत होता. तेव्हापासून तेच नाव. “अब तो बुढ़ऊ चिढ़ते भी नहीं.”

माझा आकडा. सरासरी काढून, निम्मा धरून मी केलेला. तो एका माणसाचं नाव होऊन तेवीस वर्षं बाजारात फिरत होता.

रामजतन दुकानात किल्ली कानशीने घासत होता. आता अडुसष्टचा. मला ओळखायला वेळ लागला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं—हाका, सरासरी, निम्मी वाढ, ‘जी’. त्याने कानस खाली ठेवली नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, “तो लिखे आप, और भगोड़ा कहाये हम.” आणि पुन्हा किल्ली घासत, “हज़ार तो सवा छह के बाद ही पार हो गया था. वही बोलने जा रहे थे कि बाँस टूट गया.”

मी हात जोडले. तो म्हणाला, “हमसे मत कहिए. जहाँ ‘जी’ कहे थे, वहाँ जाके कहिए.” मग किल्ली कुलपात घालून फिरवून पाहिली. मी निघालो.

सोमवारी मी अर्ज दिला. दोन पानं. वेळ, आकडे, हाका, कोणी विचारलं, मी काय उत्तर दिलं. शेवटी लिहिलं की मी जाणूनबुजून खोटं बोललो आणि होणारी कारवाई मला मान्य आहे. साहेब—आताचे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान—म्हणाले, “अंकलजी, रिटायरमेंट में चार साल हैं, क्यों गड़े मुर्दे उखाड़ते हैं?” मी अर्ज मागे घेतला नाही. दर सोमवारी जाऊन फाइल कुठवर आली ते विचारत राहिलो. पुढच्या टेबलावर सरकेपर्यंत उभा राहायचो.

अकरा महिन्यांनी आदेश निघाला. रामजतनवरचा ठपका रद्द. कारण: ‘तत्कालीन अभिलेख में लिपिकीय त्रुटि’. म्हणजे कारकुनाच्या हातून झालेली चूक. मी लेखी कळवलं की ती चूक नव्हती, खोटं होतं. उत्तर आलं नाही. पुन्हा कळवलं. फाइल बंद झाली आहे, असं तोंडी सांगण्यात आलं. म्हणून इथे लिहितो: ती चूक नव्हती.

आदेशाची प्रत मी रामनगरच्या चौकात नेली. चहाच्या दुकानात सहा-सात जण होते. मोठ्याने वाचली, आणि जे आदेशात नव्हतं तेही सांगितलं, माझ्या नावासकट. एकाने पैसे ठेवले आणि उठून गेला. दुकानातली माणसं बदलत असतात, म्हणून त्यानंतर आणखी चार रविवार गेलो. अजून जातो.

सहा दिवसांचा रोखलेला भत्ता तेव्हाच्या दराने चारशे पन्नास रुपये झाला. रामजतनने सही करून तो घेतला, मोजून खिशात ठेवला. माझ्याकडून काहीही वसूल झालेलं नाही.