हातपाय

बाबा बाहेरून आले की आई आतूनच ओरडते, "हातपाय धुवा आधी!" साखरेपायी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, नकली बसवला, तरी तिचं वाक्य तेच. मला ते खुपायचं. घरातला पहिला पदवीधर मी, कुठं काय बोलावं ते मलाच कळतं. "पाय म्हणू नकोस, त्यांना लागतं," मी तिला बजावलं.

काल बाबा आले. आई चाचरत म्हणाली, "हात धुवा."

बाबा नळापाशी थांबले. "आणि पाय काय तुझा भाऊ येऊन धुणार?"

डावा पाय धुऊन त्यांनी ओल्या फडक्यानं नकली पायही पुसला, रबरी बोटांच्या फटींसकट. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हे तू शिकवलंस होय रे तिला?"

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. "पाय मोकळे करून येतो", "पाय दुखले", "पाय घसरेल, बेतानं". दिवसातून कितीदा हा शब्द येतो घरात! डॉक्टरांनी एकदाच कापला. मी रोज कापायला निघालो होतो.

आज फाटक वाजताच मीच ओरडलो, "बाबा, हातपाय धुऊन घ्या!" आवाज जरा जास्तच मोठा निघाला.