वहिनींनी जोडी सोडली नाही

राधावहिनींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने मला लेख मागितला आणि सोबत बजावले की कटू प्रसंग वगळावेत. ते मला जमणार नाही.

वहिनी जळगाव जामोदहून लग्न होऊन आमच्या जानेफळच्या घरी आल्या, तेव्हा मी त्यांच्या कमरेएवढा होतो. आल्या दिवशीच त्यांनी माझे वाहते नाक पदराने पुसले, तीच आमची पहिली ओळख.

पुढे ऐन विशीत मला क्षय झाला. मेहकरच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि गावाने मला जमेतून काढलेच. माणसे आमच्या दारावरून जाताना नाकाला उपरणे लावत. ओसरीवर बसून, मला ऐकू येईल अशा आवाजात, माझ्यामागे माझ्या बैलजोडीचे काय करायचे ते ठरवत. आजही ते आठवले की माझे डोके फिरते.

वहिनी मात्र माझी बाज उन्हात ओढायच्या आणि पेज पाजायच्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात. वहिनींनी जोडी थेट माझ्या बाजेपाशी आणून उभी केली आणि वाटी हातात दिली.

"वहिनी, मले सुखानं मरू द्या ना," मी खेकसलो.

"मरा. पन पयले खांदे शेका," त्या म्हणाल्या.

मला इतका संताप आला की कित्येक दिवसांनी मी आपला आपण उठून बसलो.

पोळ्याच्या दिवशी चुलते जोडी न्यायला आले. पोळ्यात गावाच्या तोरणाखालून जोडी नेईल तो तिचा धनी, असे आमच्याकडे मानतात. वहिनी दाराआडून बोलल्या, "भाऊजीची जोडी भाऊजीच नेतीन. औंदा नाही तं पुढच्या साली."

"पोळ्यातून बैल राह्यला तं घराले बरं नसते, सूनबाई."

"जित्या मानसाले मेल्यात धरलं, मामंजी. आता घराचं आनखी काय बिघडन?"

जोडी दावणीलाच राहिली. गावाने वहिनींना अवदसा ठरवले, माहेरच्यांनीही बोल लावला. त्या हलल्या नाहीत. त्यांनी पुढचे साल गृहीतच धरले होते, म्हणून मीही धरू लागलो. पुढच्या पोळ्याला चार ठिकाणी थांबत, धापा टाकत, जोडी मीच नेली.

त्यानंतर वहिनी घरोघरच्या अशाच टाकलेल्या आजाऱ्यांच्या उशाशी बसत आल्या. त्यासाठी हा सत्कार आहे आणि पाहुणे थेट नागपूरहून येत आहेत. आनंद आहे. पण त्यांना अवदसा म्हणणारेच आज हार घेऊन पुढे आहेत, त्याकडे मी डोळेझाक कशी करू?

मानपत्राचा मसुदाही मला दाखवला. 'आपले उर्वरित आयुष्य सुखात जावो', असे त्यात लिहिले आहे. तो 'उर्वरित' खोडा. वहिनींना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, एवढेच लिहा. कुणाचे किती उरले, हे या गावाने एकदा ठरवून पाहिले आहे. मी अजून आहे.