धोक्याचा रकाना

एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाला बढती मिळते, चष्म्याचा नंबर मिळतो, गेलाबाजार गुडघेदुखी तरी मिळते. ठिणगीला इंटर्नशिप मिळाली.

ठिणगी हे नाव मामाने ठेवलेलं. लहानपणीचा तिचा राग बघून तो सहज बोलून गेला आणि ते असं चिकटलं की लग्न ठरलं तेव्हा सासरी तिच्या आधी तिचं नाव पोचलं होतं. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. तो म्हणायचा, "दिवसभर विजेच्या तारांत हात घालतो, भीती वाटत नाही. घराची बेल वाजवताना मात्र जरा वाटते."

ठिणगी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. शाळा बंद पडली आणि बाई घरी बसल्या. मग एका संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप निघाली; काम पसंत पडलं तर जागा पक्की. संस्थेचा उद्योग असा, की परदेशात ज्यांच्याकडे निसर्ग वाचवायला पैसे आहेत त्यांची गाठ इकडे शिल्लक असलेल्या निसर्गाशी घालून द्यायची. "म्हणजे लग्नं जुळवायची," नवरा म्हणाला. "दोन्हीकडची माणसं एकमेकांना आवडली पाहिजेत, आणि मधल्याचं पोट भरलं पाहिजे."

ऑफिस चष्म्याच्या दुकानावर. भिंतीवर एका समुद्री कासवाचं दारभर मोठं चित्र, एसीचा रिमोट अकाउंटवाल्या बाईंच्या कुलुपात, आणि खिडकीतून दिसायची शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. जगभरची जंगलं या टाकीकडे बघत वाचवली जात. तिचे साहेब तिच्याहून बारा वर्षांनी लहान. ती त्यांना सर म्हणे, ते तिला ताई म्हणत, आणि दोघांनाही ते जरा अवघडच जाई.

तिला काम मिळालं ते पाणथळीचं. पाणथळ तिच्या आजोळची. काठावर साठ घरं, आणि सगळी घरं जगतात पाणकणसावर. ते उंच गवत कापायचं, वाळवायचं, चटया विणायच्या. तिचा मामाही तेच करत आला होता. एका वर्षी एका बाजूचं कापायचं, दुसरी बाजू पक्ष्यांच्या घरट्यांना सोडायची, पुढच्या वर्षी उलट. हे कोणी ठरवलं ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोणी मोडतही नव्हतं.

ठिणगी तिथे जाऊन आली, फोटो काढले, पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेचा लांबलचक अर्ज मन लावून भरला. पक्षी झाले, मासे झाले, पाणी झालं. मग 'धोका' असा रकाना आला. तिने लिहिलं, "सध्या विशेष धोका नाही. गावकरी पाणथळ नीट सांभाळत आले आहेत." आणि मुलाचा पहिला नंबर आल्यासारखी ऐटीत चहा प्यायला गेली.

परत आली तर तिच्या खुर्चीत सर.

"ताई, हे काय लिहिलंय?"

"जे आहे ते."

"धोका नाही म्हटलं तर पैसे कशाचे मागायचे? धडधाकट माणसाला ऑपरेशनचा खर्च कोण देतं?"

"मग ऑपरेशन नका ना करू."

सर हसले नाहीत. "ताई, तुमची जागा पक्की व्हायची ती या पैशांतून. अकाउंटवाल्या बाईंचा पगार यातून. मला सांगा, रोज कोयते घेऊन माणसं आत जातात की नाही?"

"जातात."

"कापतात की नाही?"

"कापतात, पण..."

"मग झालं." त्यांनी तिचं वाक्य पुसलं आणि टाइप केलं: स्थानिकांकडून होणारी बेसुमार पाणकणीसतोड. उपाय: तोडीवर कायमची बंदी आणि पहारा.

'बेसुमार' वाचून ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तुम्ही तिथे कधी गेलायत?"

"तुमचा रिपोर्ट वाचलाय ना."

"त्यात बेसुमार कुठे आहे?"

"ही त्यांची भाषा आहे, ताई. मनाला लावून घ्यायची नसते. सोमवारी त्यांच्याबरोबर मीटिंग आहे. तुम्ही बोलू नका, फक्त टिपणं काढा."

सर वाईट असते तर सोपं गेलं असतं. पण तिचा मुलगा तापाने पडला तेव्हा याच माणसाने तिला अर्ज न मागता घरी पाठवलं होतं. भल्या माणसावर रागावणं फार त्रासाचं. राग धड बाहेर पडत नाही आणि आत बसून तर अजिबात राहत नाही.

घरी येऊन ती टॉवेल आपटत कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

"टॉवेलने काय केलं?" नवऱ्याने विचारलं.

"मामाला धोका म्हणून लिहिलंय."

"टॉवेलने?"

"ऑफिसने. अख्ख्या गावाला."

"मग सोडणार नोकरी?"

"सोडते कशाला? पक्की करून घेणार आणि रोज भांडणार."

"हे बेस. घरातलं थोडं तिकडेही वाटलं जाईल."

सुट्टीच्या दिवशी ती आजोळी गेली. मामा दारात कोयत्याला धार लावत होता, मामी चटईची कड बांधत होती.

"ये ठिणगे, बस. आज कोणाला जाळून आलीस?"

तिने सगळं सांगितलं. मामाला त्यात फारसं काही वाटलं नाही. "लिहू दे की. जन्मात कोणी माझ्यावर दोन ओळी लिहिल्या नव्हत्या."

"मामा, कापणी बंद करणार आहेत."

"किती दिवस?"

"कायमची."

कोयता थांबला. "आणि आम्ही काय करायचं?"

"तुमच्यातल्याच चौघांना पहारेकरी ठेवणार. पगारावर."

"पहारा कोणावर?"

"कापणाऱ्यांवर."

"म्हणजे माझ्यावर." मामा मामीकडे वळला. "ऐकलंस का गं? सकाळी मी कापायला जायचं, मीच मला आडवं यायचं, आणि आमची दोघांची जुंपली की तू सोडवायला यायचं."

मामी हसली नाही. "चौघं पहाऱ्यावर. बाकीच्या छप्पन्न घरांनी काय करायचं?"



"तू लिहिलंस हे?" मामाने विचारलं.

"मी नाही. सरांनी."

"पण तुझ्या ऑफिसात."

"हो."

मामा पुन्हा धार लावू लागला. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. चिडण्यातलं तिला कळतं. पण ती निघाली तेव्हा तो बसपर्यंत सोडायला आला नाही, आणि हे आजवर कधी झालं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. "वाटतंय," ठिणगी म्हणाली, अशा आवाजात की बाईने जागा बदलली.

सोमवारी मीटिंग झाली. पडद्यावर पैसे देणाऱ्या संस्थेची बाई, गळ्यात लोकरीचा मफलर, चेहरा अगदी मायाळू. सर एकेक पान दाखवत गेले. बाईने पक्ष्यांचं कौतुक केलं, पाण्याचं केलं. मग ते पान आलं.

पानभर मामा. होडीत उभा, कवेत पाणकणसाचा भारा, सगळे दात दिसताहेत. फोटो ठिणगीनेच काढला होता आणि पहिल्या पानावर 'गाव' म्हणून लावला होता. सरांनी तो उचलून इथे आणला होता, भोवती लाल चौकट घातली होती आणि खाली लिहिलं होतं: मुख्य धोका.

"हा माणूस फार आनंदात दिसतो," बाई म्हणाली.

"हो ना," सर म्हणाले. "आपण काय नुकसान करतोय याची त्यांना कल्पनाच नसते."

ठिणगीने टिपणवही मिटली. "ते माझे मामा आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. त्या भाषेत मामा, काका आणि मावशीचा नवरा सगळे एकाच शब्दात कोंबलेले असतात, म्हणून घोटाळा नको, तिने पुढे जोडलं, "आईचे सख्खे भाऊ. आणि हसताहेत ते मला बघून."

टेबलाखाली सरांचा बूट तिच्या चपलेवर आला. तिने पाय काढून घेतला.

"ते तिथे काय करतात?" बाईने विचारलं. ठिणगीने सांगितलं, अर्धं कापतात, अर्धं सोडतात, तिच्या जन्माआधीपासून. बाईने सगळं मनापासून ऐकलं.

"मग तिथे धोका कसला?"

"आत्तापर्यंत कसलाच नव्हता. आता आम्ही पोचलोय."

 बाईने खऱ्या दुःखाने सांगितलं की प्रामाणिकपणाबद्दल ती आभारी आहे, जागा सुंदर आहे, पण जिथे धोका नाही तिथे त्यांच्या नियमात काही बसत नाही. "बिघडायला लागली की मात्र जरूर कळवा," ती म्हणाली, हात हलवला, आणि पडदा काळा झाला.

बोलून टाकलं की राग उतरतो असं म्हणणाऱ्यांना बहुधा राग येतच नसावा. ठिणगीचा दुप्पट झाला. सांभाळलं त्यांना दमडी नाही, बिघडवलं तर जरूर कळवा. आणि हे सांगताना चेहरा किती मायाळू. दारात अकाउंटवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ठिणगीकडे न बघता आत वळल्या, आणि हे तिला सरांच्या बुटापेक्षा जास्त लागलं. तिचा राग स्वतःवरही फिरून आला, पण तिथे त्याला फार वेळ बसायला सवड नव्हती.

"ताई, तुमची जागा आता विसरा," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझीही किती दिवस टिकते बघू."

"विसरले. या अर्जाचं काय करणार?"

"दुसरे एक देणगीदार आहेत. पुढच्या महिन्यात त्यांना पाठवू."

"हाच?"

"थोडा इकडेतिकडे करून."

ठिणगीने खुर्ची ओढली आणि सरांच्या शेजारी येऊन बसली. "उघडा."

"काय?"

"अर्ज. आधी मामाचा फोटो काढा. मग बेसुमार काढा. मग बंदी."

"ताई, मला पाच वाजता दुसरी मीटिंग आहे."

"घ्या ना. मी इथेच बसते, मला आता काम नाही. नाहीतर त्या दुसऱ्यांनाही मी फोन करीन आणि मामाची ओळख करून देईन. धमकी वाटली तर तसंच समजा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. टाकीकडे पाहिलं. मग फोटो पुसला. बेसुमार पुसला, बंदी पुसली, पहारा पुसला. "झालं?"

"बाकीच्या प्रती?"

"कसल्या प्रती?"

"तुम्ही प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती ठेवता, सर. एक मेलमध्ये, एक पेनड्राइव्हवर." ठिणगीने त्यांचा ड्रॉवर स्वतःच उघडला. "सहा महिने मी इथे शिकायलाच होते ना."