गांडुळांची खुशाली

आमच्या कराडच्या प्रयोगशाळेत माझी मैत्रीण कीटकनाशकांचा गांडुळांवर होणारा परिणाम तपासते. रोज आल्या आल्या प्रत्येक बरणीपाशी वाकून विचारते, "काय रं, बरं हाय न्हवं?"

तुलनेसाठी स्वच्छ माती हवी म्हणून तिनं पलूसहून वडिलांच्या द्राक्षबागेतली आणली. "आमची माती लय चांगली!" नेमकी त्याच बरणीतली गांडुळं सगळ्यांत आधी मेली.

मी म्हटलं, "दुसरी माती आण, कुणाला कळतंय?"

तिनं बरणीवर ठळक लिहिलं : आमचं रान.

त्या प्रयोगाला विद्यापीठात पहिलं बक्षीस मिळालं. कौतुकानं आलेले वडील बरणीवरची अक्षरं वाचून वाकले आणि आत गांडुळं शोधू लागले.

आता फवारणीआधी त्यांची मातीची पिशवी एसटीनं येते. आत चिठ्ठी असते : "फवारू का? गांडुळास्नी इचारून कळव."